न जुळलेल्या टोकांचा शोध

१९०६ सालच्या डिसेंबरात स्टॉकहोमला एक विलक्षण प्रसंग घडला. वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या वर्षी प्रथमच दोघांत विभागून देण्यात आले होते. एक मानकरी इटलीचा कामिल्लो गोल्जी, दुसरा स्पेनचा सांतियागो रामोन इ काहाल. दोघांचा अभ्यासविषय एकच, तो म्हणजे मेंदूची आणि मज्जासंस्थेची सूक्ष्म रचना. दोघांचे हत्यारही एकच, आणि ते मूळचे गोल्जीचे. निष्कर्ष मात्र असे की, एक खरा असेल तर दुसरा खोटा ठरावा. गोल्जीने व्याख्यानासाठी विषय निवडला तोच मुळी काहालच्या सिद्धान्ताचा. त्याने भर सभेत त्या सिद्धान्तावर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी काहाल उभा राहिला आणि त्याने आपला पुरावा शांतपणे मांडला. एकाच कामासाठी गौरवलेली ही दोन माणसे तिथे आयुष्यात प्रथमच समोरासमोर आली होती, आणि मने काही जुळली नाहीत.

मी बरीच वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना ऊतिशास्त्र शिकवले. ऊतिशास्त्र म्हणजे शरीराचा तुकडा पातळ कापून, रंगवून, काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली वाचण्याची विद्या. या विद्येत एक गोष्ट दरवर्षी नव्याने अनुभवाला येते. नव्या विद्यार्थ्याला काय दिसते असे विचारले, तर तो पुस्तकात जे वाचून आला आहे तेच सांगतो. डोळा काचेवर असतो, पण बघत असते ती आदल्या रात्रीची घोकंपट्टी. म्हणूनच गोल्जी आणि काहाल यांची कहाणी मला नुसती दोन विद्वानांच्या भांडणाची वाटत नाही. दोघेही प्रामाणिक होते, दोघेही कुशल होते, दोघांनी त्याच काळ्या रेषा पाहिल्या. मग एकाला जाळे का दिसले आणि दुसऱ्याला सुटी झाडे का दिसली? या प्रश्नासाठी काहालचे आयुष्य जरा जवळून पाहिले पाहिजे.

काहालचा जन्म १ मे १८५२ चा. गाव पेतिया दे आरागोन, उत्तर स्पेनच्या डोंगराळ मुलखातले एक गरीब खेडे. वडील हुस्तो रामोन हे न्हाव्याच्या हाताखालच्या उमेदवारीपासून सुरुवात करून स्वतःच्या जिद्दीवर शल्यवैद्य झालेले गृहस्थ. अशा माणसांचा असतो तसा त्यांचा स्वभाव कडक, हिशेबी आणि थोडा निष्ठुर होता. मुलाला त्यांनी एका गुहेत बसवून फ्रेंच शिकवले. आपल्यासारखेच मुलाने डॉक्टर व्हावे, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि मुलगा? त्याला चित्रकलेचे वेड. कागद मिळाला नाही तर भिंत, भिंत नाही तर दार. शेवटी वडिलांनी गावात आलेल्या एका रंगाऱ्याला मुलाचे चित्र दाखवले आणि त्याचा कौल मागितला. चर्चच्या भिंतींना सफेदी देणाऱ्या त्या कलापारख्याने मुलाच्या अंगी कला नाही असा निर्वाळा दिला, आणि घरातले रंग बंद झाले!

रंग बंद झाले तरी मुलगा थोडाच गप्प बसणार? वयाच्या अकराव्या वर्षी त्याने घरगुती तोफ बनवली आणि शेजाऱ्याचे फाटक उडवून दिले. त्याबद्दल त्याला गावच्या कोठडीची हवा खावी लागली. शाळेत पाठांतराचा तिटकारा आणि शिक्षकांचा मार, दोन्ही नित्याचे. वडिलांनी त्याला कधी न्हाव्याकडे, तर कधी चांभाराकडे कामाला ठेवले. पुढे १८६८ च्या सुमारास त्यांना एक वेगळीच युक्ती सुचली. जुन्या दफनभूमीतून उघडी पडलेली हाडे आणून ते मुलाला शरीररचना शिकवू लागले. मुलाला आयते चित्रविषय मिळाले. हाडाचा प्रत्येक उंचवटा, प्रत्येक छिद्र तो रेखाटू लागला आणि रेखाटता रेखाटता शिकू लागला. ज्या हाताला वडिलांनी बंदी केली होती, तोच हात वडिलांच्या विद्येच्या कामी आला.

१८७३ साली सारागोसाला वैद्यकीची पदवी मिळाली आणि पाठोपाठ सक्तीची लष्करभरती आली. क्यूबात तेव्हा स्पेनविरुद्ध बंड चालू होते. १८७४ साली हा तरुण डॉक्टर तिथल्या दलदलीतल्या लष्करी रुग्णालयात जाऊन पडला. रोग्यांवर उपचार करता करता स्वतःच हिवतापाने आणि आमांशाने खंगला आणि पुढच्याच वर्षी हाडांचा सापळा होऊन परतला. लष्कराकडून मिळालेल्या पैशांतून काही शिल्लक उरली होती. १८७७ साली माद्रिदला डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी गेला असता त्याने सूक्ष्मदर्शकातून प्राण्यांच्या ऊती पाहिल्या आणि त्याचे पुढचे आयुष्य ठरून गेले. ती शिल्लक आणि वर हप्ते, असे करून त्याने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. विद्यापीठात काम करण्यासारखी प्रयोगशाळा नव्हती, म्हणून घरातल्याच एका खोलीची प्रयोगशाळा झाली. १८७८ मध्ये क्षयाने रक्ताची गुळणी आली, त्यातूनही तो वाचला. १८७९ मध्ये त्याने सिल्वेरिया फान्यानासशी लग्न केले. घरच्यांना ते पसंत नव्हते. या जोडप्याला पुढे सात मुले झाली, आणि तुटपुंज्या पगारात हा सगळा पसारा त्या बाईने कसा ओढला हे तिचे तिलाच ठाऊक. काहालच्या संशोधनाचा पहिला आश्रयदाता कोण असे मला कोणी विचारले, तर मी सरकारचे किंवा विद्यापीठाचे नव्हे, सिल्वेरियाचे नाव घेईन.

१८८४ मध्ये तो वालेन्सियाला शरीररचनाशास्त्राचा प्राध्यापक म्हणून गेला. पुढच्याच वर्षी तिथे पटकीची साथ आली. काहालने पटकीच्या जंतूंचा अभ्यास करून सारागोसाच्या प्रांतिक सरकारला अहवाल दिला. त्याबद्दल त्या सरकारने त्याला पैशांची थैली दिली नाही, झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. सरकारी देणगी इतकी अचूक हातात पडल्याची उदाहरणे इतिहासात थोडीच असतील. जंतूंचे शास्त्र तेव्हा नव्या दमाचे होते. नाव आणि पैसा दोन्ही तिकडे होते. पण त्या शास्त्राला प्राणी लागत, पिंजरे लागत, खर्च लागे. पेशींच्या अभ्यासाला एक यंत्र, थोडी रसायने आणि अपार चिकाटी पुरे. काहालने आपला खिसा ओळखून वाट निवडली.

आता मेंदूचे कोडे नेमके काय होते ते सांगायला हवे. सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात हे श्लायडेन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८-३९ मध्येच मांडले होते. यकृत, त्वचा, स्नायू सगळे या नियमात बसले. अडला तो मेंदू. मेंदूतल्या पेशींना इतके फाटे, आणि त्या फाट्यांची इतकी दाट गुंतागुंत की एका पेशीचा धागा कुठे संपतो आणि दुसरीचा कुठे सुरू होतो हे कळायला मार्गच नव्हता. त्या काळचे रंग सगळेच रंगवत किंवा काहीच धड रंगवत नसत. तेव्हा जोसेफ फॉन गेर्लाख याने १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडले की हे सर्व धागे एकमेकांत मिसळून एक अखंड जाळे बनते. शरीरभर पेशींचे राज्य, पण मेंदूत मात्र जाळ्याचे, असा हा अपवाद होता. त्यामागे एक मोहक कल्पनाही होती. मन एकसंध वाटते, तेव्हा मनाचे घरही एकसंध असणार, असे अनेकांना मनातून वाटत होते.

१८७३ मध्ये कामिल्लो गोल्जी मिलानजवळच्या आब्बियातेग्रास्सो गावी असाध्य रोग्यांच्या रुग्णालयात नोकरी करत होता. तिथल्या स्वयंपाकघरातच त्याने आपली प्रयोगशाळा थाटली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचा, एवढीच त्याची पद्धत. पण परिणाम थक्क करणारा. पिवळसर काचेवर शंभरांतल्या अगदी मोजक्याच पेशी काळ्याभोर होतात, बाकीच्या अदृश्य राहतात, आणि ज्या होतात त्या आपल्या सर्व फांद्यांसकट, चिनी शाईने काढल्यासारख्या उठून दिसतात. दाट रानातली बाकीची सगळी झाडे कोणीतरी पुसून टाकावीत आणि एखाददुसरेच मुळापासून शेंड्यापर्यंत ठेवावे, तसे ते दृश्य. आपल्या शालेय पुस्तकांत पेशीच्या आकृतीत ‘गॉल्गी संकुल’ असते, ते याच गोल्जीच्या नावाचे. इतके सुंदर हत्यार हाती असूनही गोल्जीला जाळेच दिसले. पेशीच्या आखूड फांद्या केवळ पोषणासाठी आहेत आणि लांब तंतूंचे मात्र एकमेकांत मिसळून जाळे होते, असा निष्कर्ष त्याने काढला.

ही पद्धत लहरी होती. कधी साधे, कधी सगळे काळे होऊन फुकट जाई. त्यामुळे युरोपातल्या बड्या प्रयोगशाळांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. काहालला ती दिसली तब्बल चौदा वर्षांनी. १८८७ मध्ये तो कामानिमित्त माद्रिदला गेला होता. पॅरिसहून शिकून आलेल्या लुइस सिमार्रो या मनोविकारतज्ज्ञाने आपल्याकडच्या काही काचपट्ट्या त्याला दाखवल्या. काहालला त्या काळ्या रेषांचे जे वेड लागले ते मरेपर्यंत सुटले नाही. त्याच वर्षी त्याची बदली बार्सिलोनाला झाली. तिथे त्याने बुद्धिबळाचा नाद सोडला, मित्रमंडळींच्या बैठकी कमी केल्या आणि वेळ, पैसा, दृष्टी सगळे या एकाच कामाला वाहिले.

गोल्जीचेच हत्यार त्याने हाती घेतले, पण दोन ठिकाणी धार लावली. पहिली गोष्ट म्हणजे एकदा केलेली चांदीची प्रक्रिया त्याने त्याच तुकड्यावर पुन्हा केली आणि काप जरा जाड ठेवले. त्यामुळे लहरी पद्धत बरीच भरवशाची झाली आणि लांब तंतू मध्येच कापले न जाता टोकापर्यंत दिसू लागले. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. प्रौढ प्राण्याच्या मेंदूतल्या तंतूंवर मेदाचे आवरण चढलेले असते आणि तिथे चांदी नीट शिरत नाही. म्हणून काहालने गर्भावस्थेतले आणि नुकते जन्मलेले प्राणी निवडले, पक्ष्यांची पिल्ले निवडली. त्यांच्या मेंदूत आवरण चढायचे असते, फांद्या कमी असतात, अंतरे छोटी असतात. सुताचा गुंता झाल्यावर टोक शोधत बसण्यापेक्षा चातीवरून सूत निघत असतानाच पाहावे, असा हा शहाणपणा होता. गोल्जीला ते सुचले नाही याचे कारण बुद्धीची कमतरता नव्हती. ज्याला जाळे आधीच पटलेले असते, तो टोक शोधायला जात नाही.

१८८८ साल उजाडले. पक्ष्याच्या लहान मेंदूचे काप काहाल पाहत होता. तिथे पुर्किन्ये नावाच्या मोठ्या पेशी असतात. त्यांच्या फांद्या भिंतीवर चढवलेल्या वेलीसारख्या एकाच पातळीत पसरलेल्या असतात. या पेशींच्या धडाभोवती दुसऱ्या पेशींचे तंतू येऊन टोपली विणल्यासारखे वेढे घालतात. काहालने ते तंतू पार टोकापर्यंत पाहिले. टोपली पेशीला बिलगून होती, तिच्यात मिसळलेली नव्हती. तंतू येतो, अगदी जवळ येतो आणि संपतो. दृष्टिपटल पाहिले, पाठीचा कणा पाहिला, घ्राणकेंद्र पाहिले, सगळीकडे तेच. टोके मोकळी होती. मेंदूही पेशींचाच बनलेला होता, त्याला अपवाद नव्हता. त्याच काळात फांद्यांवरचे बारीक काट्यांसारखे उंचवटेही त्याने नोंदवले. इतरांनी ते चांदीचे डाग म्हणून उडवून लावले, पण आज स्मृतीच्या अभ्यासात याच काट्यांना मोठे महत्त्व आहे.

हे सगळे छापणार कुठे? वाट पाहायला धीर नव्हता, म्हणून काहालने १ मे १८८८ ला स्वतःच्या खर्चाने ऊतिशास्त्राचे त्रैमासिक काढले. प्रती फक्त साठ. सात तोंडांच्या संसारात हा खर्च म्हणजे चैनच होती. बहुतेक प्रती त्याने परदेशच्या नामवंतांना पाठवल्या आणि उत्तराची वाट पाहत बसला. उत्तर आले नाही. कारण साधे होते. त्रैमासिक स्पॅनिश भाषेत होते, आणि स्पॅनिश भाषेत विज्ञान लिहिले जाते हेच युरोपातल्या विद्वानांना ठाऊक नव्हते. याच बार्सिलोनाच्या दिवसांत त्याची एक लहान मुलगी मेंदूच्या आवरणाच्या दाहाने दगावली. त्या दुःखातल्या रात्रीही त्याने सूक्ष्मदर्शकाशी काढल्या. बाप म्हणून त्याला दोष द्यावा की दया करावी, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

वाचक येत नाहीत, तर आपणच जावे. ऑक्टोबर १८८९ मध्ये काहाल आपल्या काचपट्ट्या आणि सूक्ष्मदर्शक घेऊन स्वखर्चाने बर्लिनला जर्मन शरीररचनातज्ज्ञांच्या परिषदेला गेला. जर्मन त्याला बोलता येत नव्हते, फ्रेंच मोडकेतोडके. तो टेबलावर काचपट्ट्या मांडून बसला. सुरुवातीला लोक शंकेने यायचे आणि जायचे. मग त्याने त्या काळचे ऊतिशास्त्रातले सर्वांत मोठे नाव, बहात्तर वर्षांचे आल्बर्ट फॉन क्योलिकर, यांना आग्रहाने आपल्या सूक्ष्मदर्शकापाशी आणून बसवले. क्योलिकर स्वतः जाळेवादी होते. त्यांनी पाहिले, पुन्हा पाहिले, आणि त्या वयात आपले मत बदलले. एवढेच नव्हे, तर या अनोळखी स्पॅनिश माणसाची त्यांनी सगळ्यांशी ओळख करून दिली, आणि त्याचे लेख वाचता यावेत म्हणून ते उतारवयात स्पॅनिश शिकले असे सांगितले जाते. विद्वत्तेचे मोठेपण कशात असते, याचा हा नमुना मला काहालच्या शोधाइतकाच मोलाचा वाटतो.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. पेशी सुट्या असाव्यात हा विचार एकट्या काहालचा नव्हे. विल्हेल्म हिस, ऑगुस्त फोरेल आणि पुढे ध्रुवप्रदेशाचा प्रवासी म्हणून गाजलेला फ्रिट्यॉफ नान्सेन यांनी १८८६-८७ च्या सुमारास वेगवेगळ्या मार्गांनी तसे सुचवले होते. १८९१ मध्ये वाल्डेयर या जर्मन प्राध्यापकाने सर्वांचे काम एकत्र करून या पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. बारसे जेवायला आलेल्याने नाव ठेवावे तसा हा प्रकार झाला, आणि काहालला त्याची थोडी रुखरुख राहिली. पण पुराव्यांचा डोंगर उभा केला तो त्यानेच. पेशीत संदेश एकाच दिशेने, फांद्यांतून धडाकडे आणि धडातून लांब तंतूकडे वाहतो, हा नियमही त्याने मांडला. प्रकाश डोळ्यात बाहेरूनच येतो, तेव्हा दृष्टिपटलातल्या पेशींची मांडणी पाहिली की प्रवाहाची दिशा कळते, असा त्याचा तर्क होता. १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भात वाढत्या तंतूच्या टोकाशी त्याला एक फुगीर शंकू दिसला. काठीने वाट चाचपत जाणाऱ्या माणसासारखा हा शंकू तंतूला पुढे नेतो, असे त्याने मृत, रंगवलेल्या पेशींवरून ओळखले. १९०७ मध्ये अमेरिकेत रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भातला जिवंत तंतू काचेवर वाढताना पाहिला, तेव्हा ते खरे ठरले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. काहालने दोन पेशींमधली फट पाहिली होती का? नाही. ती त्याला दिसणे शक्यच नव्हते, आणि माझ्या मते या कहाणीचे सगळे मर्म इथे आहे. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा असते. एका मिलिमीटरच्या साधारण पाच हजाराव्या भागाहून जवळ असलेल्या दोन वस्तू त्यात वेगळ्या दिसत नाहीत. ही मर्यादा भिंगाच्या कारागिरीची नसून प्रकाशलहरींच्या लांबीची आहे. आणि दोन चेतापेशींमधली फट असते मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी, म्हणजे त्या मर्यादेच्याही दहाव्या हिश्शाइतकी. ती प्रत्यक्ष दिसली १९५० च्या दशकात, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, काहालच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी.

म्हणजे स्टॉकहोमला उभ्या असलेल्या दोघांपैकी कोणालाही वादाचा मुद्दा दिसलेला नव्हता! गोल्जीने न दिसलेले जाळे गृहीत धरले आणि काहालने न दिसलेली फट. मग दोघे सारखेच का? नाहीत. गोल्जी एकाच तऱ्हेचा पुरावा घेऊन बसला. काहालने पिल्ले पाहिली, गर्भ पाहिले, निरनिराळे प्राणी पाहिले, जखमी तंतू मरताना पाहिले. पेशीला इजा झाली की मरण तिच्याच फांद्यांपुरते राहते, शेजारणीत पसरत नाही, याचाही त्याने आधार घेतला. दहा वेगवेगळ्या वाटांनी गेला तरी तो त्याच मुक्कामी पोचत होता. जे डोळ्याला दिसत नाही तिथे शास्त्रज्ञाला अनुमानच करावे लागते. पण अनुमान किती दिशांनी तपासले, यावर त्याची किंमत ठरते.

काहालची चित्रे आज जगभर कलादालनांत मांडली जातात. ती नुसती नक्कल नव्हती. तो तासन् तास पाही, मग चित्र काढी आणि पुन्हा काचपट्टीशी ताडून पाही. अनेक कापांत दिसलेले तो एका चित्रात आणी. अशा चित्रावर विश्वास ठेवावा का, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच आहे. तो स्वतः उत्तम छायाचित्रकार होता, १९१२ मध्ये रंगीत छायाचित्रणावर त्याने पुस्तकही लिहिले. पण जाड कापात कॅमेऱ्याला एका वेळी एकच पातळी स्पष्ट दिसते, आणि तंतू तर खालीवर वळणे घेत जातो. त्या वळणांमागे बोट फिरवत जाणारा डोळा आणि हातच लागतो. सफेदीवाल्याने नापास केलेला तो हात अखेर कामी आला. या दस्तऐवजांना युनेस्कोने २०१७ मध्ये जागतिक स्मृतीच्या नोंदीत स्थान दिले.

पुढचे आयुष्य मानाचे होते. १८९२ मध्ये तो माद्रिदचा प्राध्यापक झाला. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला मानाच्या व्याख्यानाला बोलावले. तिथे तो शेरिंग्टन या तरुण शास्त्रज्ञाच्या घरी उतरला आणि पाहुण्याच्या खोलीचीही त्याने प्रयोगशाळा केली. पेशींच्या भेटीच्या जागेला १८९७ मध्ये ‘सिनॅप्स’ हे नाव मिळाले ते याच शेरिंग्टनमुळे. १८९८ मध्ये स्पेन अमेरिकेकडून हरला आणि क्यूबा गेले. ज्या क्यूबाने काहालची तब्येत घेतली होती, त्याच्या पराभवाने तो खचला. पुढे सरकारने त्याच्यासाठी प्रयोगशाळा काढली आणि वर्षाला दहा हजार पेसेटा पगार देऊ केला. तो जास्त आहे, सहा हजार पुरेत, असे त्याने कळवले. १९०७ पासून त्याने सरकारी मंडळाचा अध्यक्ष म्हणून शेकडो स्पॅनिश तरुणांना परदेशी शिकायला पाठवले.

तो देवमाणूस मात्र नव्हता. पिओ देल रिओ ओर्तेगा या त्याच्या हाताखालच्या बुद्धिमान संशोधकाने १९१९ मध्ये मेंदूतल्या ‘मायक्रोग्लिया’ या पेशी ओळखल्या. त्या काहालच्या नजरेतून निसटल्या होत्या. पुढच्याच वर्षी संबंध बिघडले आणि रिओ ओर्तेगाला प्रयोगशाळा सोडावी लागली. क्योलिकर यांनी एका अनोळखी माणसाला जो उदारपणा दाखवला, तो त्याच माणसाला आपल्या शिष्याच्या बाबतीत म्हातारपणी साधला नाही. १९३० मध्ये सिल्वेरिया गेली. १७ ऑक्टोबर १९३४ ला ब्याऐंशी वर्षांचा काहाल माद्रिदला वारला.

आणि गोल्जी? तो पूर्ण चुकला असे म्हणणेही आता अवघड झाले आहे. काही चेतापेशींमध्ये थेट जोडणारी सूक्ष्म छिद्रे असतात, हे विसाव्या शतकात कळले. २०२३ मध्ये तर एका समुद्री कंकतधारी जीवाच्या चेताजालात शास्त्रज्ञांना पेशींचे तंतू खरोखरच एकमेकांत अखंड मिसळलेले आढळले. तेही इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली! आपल्या मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींना मात्र काहालचाच नियम लागू आहे. २०२४ मध्ये फळमाशीच्या प्रौढ मेंदूचा संपूर्ण नकाशा प्रसिद्ध झाला. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा त्या मेंदूतल्या १ लाख ३९ हजारांहून अधिक पेशी आणि त्यांच्यातले ५ कोटींवर सांधे त्यात मोजले आहेत. हे काम संगणकांनी आणि शेकडो माणसांनी मिळून केले. काहालने सुरू केलेली मोजदादच ही, फक्त टाक आणि शाईच्या जागी यंत्रे आली.

मातृभाषेत विज्ञान शिकावे की नाही, हा वाद आपल्याकडे वर्षानुवर्षे चालू आहे, आणि दोन्ही पक्ष काहालला आपल्या बाजूला ओढू शकतील. त्याने आपले महत्त्वाचे काम आपल्या भाषेत लिहिले हे खरे. ते कोणी वाचले नाही, म्हणून फ्रेंचमध्ये भाषांतरे करावी लागली आणि बर्लिनची वाट धरावी लागली हेही खरे. मला दिसते ते एवढेच. विचार त्याने स्वतःच्या भाषेत केला, म्हणून तो दुसऱ्याच्या शब्दांत अडकला नाही. जर्मन पुस्तकांतले जाळे त्याच्या डोळ्यावर आधीच पसरलेले नव्हते. आणि सांगायची वेळ आली तेव्हा भाषेचा अभिमान बाजूला ठेवून तो दुसऱ्याच्या दारात काचपट्ट्या मांडून बसला. आपण बहुधा याच्या नेमके उलट करतो. विचार उसन्या भाषेत करतो, आणि अभिमान तेवढा स्वतःच्या भाषेचा बाळगतो.